चिकटवायची राहिलेली चिठ्ठी

आमच्या चेंबरमध्ये नव्या ज्युनिअरला पहिलं काम मिळायचं ते कात्री आणि गोंदाचं. कायद्यात दुरुस्ती झाली की पुस्तकवाले दुरुस्तीची छापील पानं पाठवायचे. ती कापायची आणि जुन्या पुस्तकात त्या त्या कलमावर चिठ्ठी चिकटवायची. दरवर्षी नवी पुस्तकं घेण्यापेक्षा हे सोपं. मी एलएलबी करून आले होते, काळा कोट नवाकोरा होता, आणि पहिले तीन महिने माझ्या बोटांना गोंदाचा वास यायचा. वकीलसाहेब दिवाणी कामातले जुने माणूस, अस्सल रायपूरचे. ते म्हणायचे, "बेटा, जिस किताब में चिपकी नहीं लगी, वो किताब झूठ बोलती है." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, मग बसा ना तुम्हीच गोंद घेऊन.

राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, आणि जो तो जमिनीचा खटला घेऊन यायचा. त्यामुळे भूसंपादन, मुद्रांक, नोंदणी या पुस्तकांच्या चिठ्ठ्या आधी लागल्या. पेटंटच्या कायद्याचं एक पुस्तकही कपाटात होतं. कोण्या निवृत्त वकिलाची अख्खी लायब्ररी साहेबांनी उचलली, तिच्यासोबत आलेलं. त्याच्या चिठ्ठ्या मी रबर लावून ड्रॉवरमध्ये टाकल्या. पेटंट घेऊन आमच्याकडे कोण मरायला येणार होतं? उरला औद्योगिक वसाहतीतला रोलिंग मिलवाला?

आली ती मीच. माझ्या बापासाठी. आणि त्या एका न चिकटवलेल्या चिठ्ठीपायी आमच्या घरची रविवारची तपासणी सात महिने बंद राहिली, आणि त्याच सात महिन्यांत आमच्या शेजारच्या पोरीचं लग्न तपासणीशिवाय झालं. सांगायचं ते एवढंच आहे, पण नीट सांगायला पाहिजे.

बाबा रायपूरला लागूनच्या बीरगांवातल्या एका छोट्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. जन्मभर त्यांनी लोकांचं रक्त पाहिलं आणि प्रत्येक रिपोर्टवर सही केली डॉक्टरांनी. याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत, पण सहीची जागा ते रिकामी सोडत ती जरा जास्तच मोठी असायची, हे माझ्या लहानपणीच ध्यानात आलं होतं.

त्यांचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला. लहानपणापासून हातपाय दुखायचे, पोट दुखायचं, डोळे पिवळे व्हायचे. गावच्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून औषधं दिली. बाबा टेक्निशियनचा कोर्स करायला गेले तेव्हा त्यांना कळलं की त्याला सिकलिंग होतं, म्हणजे रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात ते. तोवर भाऊ गेलेला होता. आमच्या विदर्भातून आलेल्या लोकांत हा आजार आहे, इथल्या छत्तीसगढी लोकांतही आहे. हिशेब साधा आहे. दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक, त्याला कळतही नाही. दोघंही वाहक असले तर मात्र दर वेळी चारातलं एक पोर आजार घेऊन येऊ शकते. म्हणून लग्नाआधी पाहायचं. बाबांचं म्हणणं तेवढंच होतं, आणि ते त्यांनी अख्ख्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, डोक्यात भरवलं होतं.

आमच्या घरी पत्रिका पाहायची पद्धत नव्हती. मुहूर्तही नाही. विहारात लग्न लागायचं. पण रविवारी सकाळी मुलाकडचे आणि मुलीकडचे आमच्या ओसरीवर येऊन बोटाला सुई टोचून घ्यायचे, त्याशिवाय बोलणी पुढं सरकत नसत. बाबा ट्यूबमध्ये औषधाचं पाणी घालायचे, त्यात रक्ताचे दोन थेंब. औषधाची पूड दमट हवेत खराब होते, म्हणून एकेका तपासणीपुरत्या पुड्या बांधून बरणीत ठेवलेल्या. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसू नये म्हणून ट्यूबवर ओलं फडकं.

माझं काम शाळेपासून ठरलेलं. ट्यूबमागं कॅलेंडरचं पान धरायचं आणि तारखेचा मोठा आकडा दिसतो का ते सांगायचं. पाणी स्वच्छ राहिलं तर आकडा दिसतो. पाणी गढूळलं तर दिसत नाही, म्हणजे रक्तात दोष आहे. ट्यूब कोणाची ते मला कधी सांगत नसत, तिच्यावर नुसता नंबर. "तुले माहीत असलं तर तुले पाहिजे तेच दिसन," बाबा म्हणायचे.

आणखी एक नियम होता. पाणी स्वच्छ निघालं तर बाबा ओसरीवरच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगायचे. गढूळ निघालं तर काही न बोलता उठायचे आणि त्या माणसाला आत बोलवायचे. आतल्या खोलीत, दार लोटून, समजावून सांगायचे. पाऱ्यातल्या लहान पोरांनाही माहीत होतं, आत बोलावलं म्हणजे काय ते.

गढूळ पाणी आलं तरी तो माणूस वाहक आहे की आजारी, हे त्यातून कळायचं नाही. त्यासाठी मोठ्या दवाखान्यातल्या मशीनवर पाठवावं लागायचं. बाबांनी त्यावर उपाय काढला. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कधीतरी त्यांना सुचलं आणि वर्षभर ते खटपट करत राहिले. तीच गढूळ ट्यूब माठाखालच्या ओल्या वाळूत उभी करायची, वर लाल गठ्ठा जमू द्यायचा, मग खालचं पाणी पाहायचं. गुलाबी असलं तर वाहक. फिक्कट असलं तर आजार. किती वेळ, किती थंड, पूड किती, सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, आणि मशीनच्या रिपोर्टांशी ताडून पाहिलं होतं. याला आमच्या घरात 'दुसरं पाणी' म्हणायचे; घराबाहेर अजून कोणाला ते दाखवलं नव्हतं. पहिलं पाणी सगळ्या जगाचं होतं. दुसरं बाबांचं.

एक दिवस जेवताना ते म्हणाले, "याच्यावर माझं नाव लागन का वं कुठं?"

मी त्यांची वकील पोरगी. हे वाक्य ऐकून जी काही फुगले! आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीसाठी जागा सोडणाऱ्या माणसाला मी पेटंट काढून देणार होते. दुसऱ्याच दिवशी ते पुस्तक उतरवलं आणि कायदा वाचून काढला. नवं असलं पाहिजे, असं त्यात होतं. अर्ज करण्याआधी चारचौघांत आलेलं नको, असं होतं. माणसावरच्या उपचारांच्या रीतींना पेटंट मिळत नाही, असंही एक कलम होतं, औषधोपचार, शस्त्रक्रिया वगैरे. मी ते दोनदा वाचलं आणि खूश झाले. बाबा उपचार कुठं करतात? ते तर फक्त पाहतात.

घरी येऊन मी फर्मान काढलं: उद्यापासून रविवार बंद.

"पहिलं पाणी तर पाहू देशीन?" बाबा म्हणाले. "त्यात काय नवं आहे?"

"नाही. पाणी गढूळलं की लोक विचारतील, आता पुढं काय? तुम्ही बोलून जाल. तुमच्या पोटात काही राहते का?"

"आत खोलीत पाहतो मग, दार लावून."

"बाबा, एकदा कोणी पाहिलं की संपलं. कायदा आहे तो."

आई मधेच म्हणाली, "अरे बापा, रक्त पाहायलेही आता कायदा आला का?" मी तिला गप्प केलं. तेव्हा मी घरात फार गप्प करायची लोकांना. बाबांनी पुड्यांची बरणी कपाटावर ठेवली आणि वर फडकं टाकलं. लेकीनं एवढं शिकून सांगितलं म्हणजे खरंच असणार, हा त्यांचा विश्वास. त्याचा मला आजही राग येतो. त्यांच्यावर नाही, माझ्यावर.

शेजारची माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमची भिंत एक, नळ एक. मला आखूड झालेले फ्रॉक तिनं घातले. लहानपणी माझी परीक्षा जवळ आली की कॅलेंडरचं पान तीच धरायची. तिला भिलाईचं स्थळ आलं, पोरगा स्टील प्लांटमध्ये, घरचे चांगले. तिची आई, आमची काकू, रविवारी सकाळी दोघांना घेऊन ओसरीवर हजर.

"भाऊजी, पाहा बरं एकदा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"काकू, बाबांचं पेटंट करून राहिलो आपण," मी म्हटलं. "काही महिने तपासणी बंद आहे. तुम्ही सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या."

काकूचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. मग तिला काय अभिमान वाटला! "हो का वं! भाऊजींचं पेटंट! मग आम्ही थांबतो ना. आपल्या घरचं माणूस असताना रक्त दुसऱ्याले कायले दाखवायचं?" बाबा तिला दोनदा म्हणाले, दवाखान्यात जा, थांबू नका. ती दोन्ही वेळा हव म्हणाली. आईनं चहा केला, सगळ्यांनी घेतला, जावई होऊ घातलेला पोरगा हिंदीत म्हणाला, "अंकल, बधाई हो." आणि गेले.

ते खरंच थांबले. हे मला पुढं कळलं. सहा आठवडे काकू नळावर आईला विचारायची, "झालं का?" आणि आई म्हणायची, "होऊन राहिलं." दवाखान्यात कोणी गेलं नाही. मधे मुलाकडच्यांनी घाई केली, त्याची बदली होणार होती, आणि थांबण्यातच वेळ गेला होता. लग्न झालं. मी नाचले त्या लग्नात. बाबा मांडवात एका खुर्चीवर बसून होते. मी म्हटलं, काय झालं, तब्येत बरी नाही का? ते म्हणाले, "पहिलंच पाणी पाहायचं होतं वं. पाच मिनिटांचं काम होतं." मी म्हटलं, शंभरातल्या कितींत निघते, बाबा? उगाच काय घोर लावून घेता! आणि परत नाचायला गेले.

अर्जाला वेळ लागला कारण मी लावला. दिवसभर जमिनीचे दावे, संध्याकाळी बाबांची वही. आकृत्या काढल्या, खोडल्या, परत काढल्या. आमच्या राज्याचं पेटंटचं काम मुंबईच्या कार्यालयात चालायचं. साहेबांच्या ओळखीचे एक वकील तिथं होते. मसुदा त्यांना पाठवला. त्यांनी तो दोन महिने ठेवला आणि मग अर्ध्या पानाचं पत्र आलं. निदानाच्या रीतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, कलमातच तसं लिहिलं आहे, आपण पाहिलं असेलच. सोबत कलमाची झेरॉक्स, दोन शब्दांखाली पेन्सिलीची रेघ.

मी पुस्तक काढलं. माझ्या पुस्तकात ते शब्द नव्हते. पहिल्यांदा मला वाटलं, त्या माणसाचीच काही चूक आहे. मग ड्रॉवर आठवला.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा रबरासकट तसाच होता. हवी ती चिठ्ठी वरून तिसरी होती, नखाएवढी. नव्या दुरुस्तीनं त्या कलमात दोन शब्द घातले होते, त्यातला एक निदानाचा. मी चिठ्ठीला गोंद लावला आणि ती कलमावर चिकटवली. साहेब समोर बसले होते. त्यांनी विचारलंही नाही, आत्ता हे पुस्तक काय करायला घेतलंस. कदाचित त्यांना कळलं होतं. मी संडासात जाऊन रडून आले आणि मुद्रांकाच्या एका दाव्याची तारीख लिहून घेतली.

कायदा बरोबर आहे. मी तेव्हा त्याला शिव्या दिल्या, आज वकिली करून इतकी वर्षं झाल्यावर म्हणते, बरोबर आहे. समोर बसलेल्या माणसाला काय झालंय हे पाहायला कोणत्याही डॉक्टरला, कोणत्याही टेक्निशियनला कोणाची परवानगी मागावी लागू नये. पाहण्याच्या रीतीला मालक नको. हेच माझा बाप वीस वर्षं ओसरीवर बसून करत होता, आणि कायदा त्याच्याच बाजूनं होता. कुलूप लागूच शकत नव्हतं त्या गोष्टीला, आणि मी तिच्यापुढं पहारा बसवला होता.

संध्याकाळी बाबांना पत्र दाखवलं. चिठ्ठीची गोष्टही सांगितली, काही लपवलं नाही. त्यांनी चष्मा लावून झेरॉक्स दोनदा वाचली.

"म्हणजे हे कोणाचंच नाही होऊ शकत?"

"नाही."

"कोणीही वापरलं तर चालते?"

"कोणीही."

"मग बरंच आहे," ते म्हणाले. नाव न लागल्याचं दुःख त्यांना झालं असेल, पण मला दिसू दिलं नाही. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बाजूच्या पोरीच्या सासरचा फोन नंबर आहे का तुझ्याजवळ?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "राहू दे. आता काय सांगायचं फोनवर." खुर्ची ओढून ते वर चढले, बरणी काढली. सगळ्या पुड्यांतली पूड खराब झाली होती. त्या त्यांनी टाकून दिल्या आणि नव्या बांधायला घेतल्या.

रविवार परत सुरू झाला. दुसरं पाणी कसं पाहायचं ते बाबांनी मला एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला लावलं आणि ओसरीच्या भिंतीवर लावलं, ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावं म्हणून. खाली तुमचं नाव घालू का, असं मी विचारलं. "जागा सोड थोडी," ते म्हणाले. मी जागा सोडली. तिथं त्यांनी कधी काही लिहिलं नाही.

शेजारची पहिल्या बाळंतपणाला सासरीच राहिली. मुलगी झाली, पेढे आले. पोरगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा ती माहेरी आली. रविवार नव्हता, बुधवार होता, कोर्टाला सुट्टी होती म्हणून मी घरी. ती पोरीला कडेवर घेऊन ओसरीवर आली. पोरगी किरकिरत होती. तिचे दोन्ही हात आणि पाय फुगले होते, बोटं अशी टम्म की त्यांच्यामधल्या घड्या दिसत नव्हत्या.

"दात येऊन राहिले म्हणून असन म्हणतात, काका," ती म्हणाली. "डॉक्टरनं सिरप दिलं. तुम्ही पाहून द्या ना एकदा."

सिकलिंगच्या लहान पोरांचे हातपाय असेच फुगतात; बाबांनी त्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. मला त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. तरी ते म्हणाले, "पाहू ना." पोरीच्या टाचेला सुई टोचली. ती जोरात रडली. ट्यूब एकच होती त्या दिवशी. नंबर घालायचं काही कारण नव्हतं, तरी बाबांनी घातला.

मी मागं कॅलेंडरचं पान धरलं.

"आकडा दिसते का?"

"नाही."

ट्यूब वाळूत गेली. दुसऱ्या पाण्याला वेळ लागतो. आईनं चहा आणला. पोरगी माझ्या मैत्रिणीच्या खांद्यावर झोपली. आम्ही दोघी त्या पायरीवर बसलो जिथं लहानपणी सागरगोटे खेळायचो. पहिल्या पाण्याचा अर्थ तिला माहीत होता, पान धरतच ती मोठी झाली होती. दुसरं पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरचा कागद ती वाचत होती की नुसती तिकडे पाहत होती, मला सांगता येणार नाही.

मग ती म्हणाली, "हो, विचारायचंच राहिलं. ते पेटंट झालं का वं काकांचं?"

"नाही."

"काहून?"

मी म्हटलं, "माझी चूक झाली. ते होणारच नव्हतं. तपासणी बंद करायची गरजच नव्हती. माझ्यामुळे बंद राहिली."

ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अरेरे. किती मेहनत केली होती काकांनी." तिला खरंच वाईट वाटलं होतं, आमच्यासाठी. मला त्या पायरीवरून उठून कुठं जावं ते कळेना.

बाबांनी हाक मारली. मी पान घेऊन आत गेले, वाळूतून काढलेल्या ट्यूबच्या मागं धरलं. वर लाल गठ्ठा बसला होता.

"रंग सांग," बाबा म्हणाले. त्यांना स्वतःला दिसत होता. पण नियम नियम होता.

"फिक्कट."

"गुलाबी नाही ना? नीट पाहा."

"नाही, बाबा. फिक्कट आहे."

बाबांनी ट्यूब स्टँडमध्ये ठेवली. हात पुसले, परत पुसले. त्यांच्याच्यानं उठवेना. ओसरीवरून पोरीला खांद्यावर सावरत ती उभी राहिल्याचा आवाज आला, आणि दाराशी येऊन तिनंच विचारलं, "आत येऊ का, काका?"